लाजेचे दुखणे

मूल बारा-तेरा वर्षांचे होऊन इंग्लंडमधल्या शाळेत इयर एटमध्ये गेले, की घरी एक संमतिपत्रक येते. पूर्वी ते दप्तरातून यायचे, हल्ली बहुधा फोनवर येते. एच.पी.व्ही. नावाच्या लसीसाठी त्यात आईबापांची परवानगी मागितलेली असते. मी निवृत्त नर्स असल्याने आपल्या घरांतून मला विचारणा होते, "सिस्टर, सही करू ना?" मी म्हणते, जरूर करा. त्यानंतर आवाज खाली येतो आणि खरा प्रश्न बाहेर पडतो, "पण पोरीला सांगू काय?" पुष्कळदा विचारणारी आई स्वतःच उत्तर देऊन मोकळी होते, "कॅन्सरची लस आहे एवढे सांगते. बाकीचे कशाला?"

ह्या "बाकीचे कशाला" विषयी मला आज चार शब्द लिहावयाचे आहेत. एकाच सुईतून दोन दुखणी टळतात. एक गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर. त्याचे नाव आपण घेतो आणि घेताना हळहळतो. दुसरे म्हणजे गुप्तांगावर येणाऱ्या चामखिळी. त्यांचे नाव आपण घेत नाही. जी लस दोन्हींसाठी आहे ती एकासाठीच आहे असे सांगणे हे सोयीचे खरे, पण ते योग्य आहे काय?

आधी दुखण्याची माहिती करून घेऊ. ह्यूमन पॅपिलोमा व्हायरस ह्या विषाणूच्या शंभराहून अधिक जाती आहेत. हातापायांवर साध्या चामखिळी आणणाऱ्या जाती वेगळ्या आणि शरीरसंबंधातून, कातडीला कातडी लागून पसरणाऱ्या वेगळ्या. ह्या दुसऱ्या गटातल्या १६ आणि १८ क्रमांकाच्या जातींमुळे गर्भाशयाच्या मुखाचे दहांपैकी सात कॅन्सर होतात. ६ आणि ११ क्रमांकाच्या जातींमुळे गुप्तांगावरच्या दहांपैकी नऊ चामखिळी येतात. ह्या चामखिळींचा कॅन्सर होत नाही, हे मी मुद्दाम स्पष्ट लिहिते, कारण ती भीती फार जणांना असते. ज्यांचा कधी ना कधी शरीरसंबंध आला त्यांपैकी बहुतेकांना हा विषाणू आयुष्यात एकदा तरी भेटून जातो. बहुतेकांना कळतही नाही, आणि दोन वर्षांच्या आत शरीर आपण होऊन त्याचा बंदोबस्त करते. थोड्यांच्या अंगावर तो दिसतो.

उपचार आहेत. पोडोफायलोटॉक्सिन नावाचे औषध घरी लावता येते. तीन दिवस लावायचे, चार दिवस थांबायचे, आणि असे काही आठवडे चालू ठेवायचे. (हिमालयात होणाऱ्या एका वनस्पतीच्या मुळापासूनही हे द्रव्य मिळते.) इमिक्विमोड नावाचे मलम आठवड्यातून तीन रात्री लावतात. दवाखान्यात द्रवरूप नायट्रोजनने चामखीळ गोठवतात किंवा भूल देऊन काढून टाकतात. गरोदर स्त्रीला पहिली दोन्ही औषधे देत नाहीत. तिच्यासाठी गोठवण्याचा मार्ग असतो. पायाच्या चामखिळीचे दुकानी औषध इथे चुकूनही लावू नये, कातडी भाजून निघते. ह्यातले कोणतेही औषध विषाणूला मारीत नाही, ते फक्त चामखीळ घालवते. म्हणून पुष्कळांना ती पुन्हा येते, आणि कोणाकोणाला महिनोन् महिने खेपा घालाव्या लागतात. आणखी एक गोष्ट अशी, की लस ही आलेल्या चामखिळींवरचा उपाय नव्हे. विषाणू भेटण्यापूर्वी घेतली तरच तिचा पुरा उपयोग होतो. ह्याच कारणास्तव ती बाराव्या-तेराव्या वर्षी देतात.

माझी निम्मी नोकरी ह्या रोगांच्या दवाखान्यात गेली. मी ह्या देशात आले तेव्हा अशा दवाखान्याला "स्पेशल क्लिनिक" म्हणत. नाव मोठे, पण जागा पुष्कळदा तळघरात किंवा इस्पितळाच्या मागच्या दाराशी असे. चामखिळी घेऊन येणाऱ्यांना वेदना फारशा नसत. तरीही त्यांच्याइतकी खाली घातलेली मान मी इतर वॉर्डांत क्वचितच पाहिली. कॅन्सरच्या वॉर्डात रोगी विचारतो, "मी वाचेन ना?" आमच्याकडे विचारत, "हे कोणाला कळणार नाही ना?" मान खाली घालणाऱ्यांत शाळा-कॉलेजातली पोरे असत तशा मध्यमवयीन गृहिणी असत, दुसऱ्यांदा लग्न केलेले विधुर असत, आयुष्यभर एकाच पुरुषाशी संसार केलेल्या बायकाही असत.

ह्या शेवटच्या बायकांचे दुःख सर्वांत मोठे. नवऱ्याने दगा दिला अशी खूणगाठ मनाशी बांधूनच त्या येत. परंतु हा विषाणू अंगात शिरल्यापासून चामखीळ दिसेपर्यंत काही आठवडे, काही महिने आणि क्वचित वर्षेही जातात. ती कोणाकडून आली आणि केव्हा आली, हे कोणताही डॉक्टर छातीठोकपणे सांगू शकत नाही. लग्नापूर्वीचा विषाणू लग्नानंतर पुष्कळ काळाने डोके वर काढू शकतो. तेव्हा चामखीळ ही साक्ष होऊ शकत नाही. तिच्या आधारावर नवऱ्याला किंवा बायकोला दोषी ठरविणे हा अन्याय आहे, आणि असा अन्याय अज्ञानापोटी पुष्कळ घरांत होत असतो. कॅन्सर टाळणारी लस घेतली आणि चामखिळीविषयी मौन पाळले, की हे अज्ञान जसेच्या तसे पुढच्या पिढीच्या पदरात पडते.

रोग्याला दोषी धरण्याची ही रीत जुनी आहे. ब्रिटनने १८६४ साली कायदा करून छावणीच्या आणि बंदराच्या शहरांत पोलिसांना संशयित स्त्रियांची सक्तीने तपासणी करविण्याचा अधिकार दिला. पुरुषांना तपासणी नव्हती. १८६८ साली तसाच कायदा हिंदुस्थानात आला आणि आपली मुंबईही त्यातून सुटली नाही. जोसेफाइन बटलर ह्या बाईंनी वर्षानुवर्षे लढा देऊन १८८६ साली ब्रिटनमधला कायदा रद्द करविला. हिंदुस्थानातला १८८८ साली गेला. धाक घालून रोग हटला नाही. रोगी तेवढे लपून बसले. पुढे १९१६ साली ब्रिटनने उलटा मार्ग धरला. गुप्तरोगांवर मोफत उपचार करावयाचे, नाव गुप्त ठेवावयाचे आणि कसलाही जाब विचारावयाचा नाही, असे नियम झाले. आजही इथल्या सेक्शुअल हेल्थ क्लिनिकात कोणीही थेट जाऊ शकतो, उपचाराला पैसे पडत नाहीत आणि माहिती परवानगीवाचून बाहेर जात नाही. आपण इथे मोजकी घरे. एकाच्या घरची गोष्ट शब्बाथपर्यंत दहा घरी पोहोचते. त्यामुळे आपल्या माणसांना ह्या नियमाचे मोल इतरांपेक्षा जास्त वाटावयास हवे.

परंतु कायदा सुधारला तरी मन तितक्या लवकर सुधारत नाही. २००८ साली ब्रिटनमध्ये बारा-तेरा वर्षांच्या मुलींना शाळेत ही लस देण्यास प्रारंभ झाला. विषाणू आणि हा कॅन्सर ह्यांचे नाते दाखवून देणाऱ्या हाराल्ड त्सुर हाउसेन ह्या जर्मन शास्त्रज्ञांना नोबेल पारितोषिक मिळाले तेही त्याच वर्षी. त्या वेळी बाजारात दोन लसी होत्या. सर्व्हारिक्स ही १६ आणि १८ ह्या जातींपासून वाचवी. गार्डासिल ही त्या दोहोंबरोबर ६ आणि ११ पासूनही. सरकारने किंमत आणि इतर गोष्टी तोलून सर्व्हारिक्स घेतली. म्हणजे कॅन्सर टाळावयाचा आणि चामखिळी राहू द्यावयाच्या. गुप्तरोगतज्ज्ञांनी तेव्हाच नापसंती दर्शविली. ऑस्ट्रेलियाने २००७ साली गार्डासिल निवडली होती. तिथल्या गुप्तरोग दवाखान्यांत प्रथमच येणाऱ्या एकवीस वर्षांखालील स्त्रियांपैकी २००७ साली शेकडा ११.५ जणींना चामखिळी असत. २०११ साली हे प्रमाण शेकडा एकाच्याही खाली गेले. ब्रिटनने २०१२ साली लस बदलली. त्यानंतर इंग्लंडमध्ये १५ ते १७ वर्षांच्या मुलींतले नव्या चामखिळींचे प्रमाण २०१४ ते २०१८ ह्या अवधीत शेकडा ९२ ने उतरले, आणि लस न मिळालेल्या त्याच वयाच्या मुलांतही शेकडा ८२ ने. मुलींना मिळालेले कवच मुलांनाही झाकून गेले.

इथे न्यायाने एक गोष्ट सांगितली पाहिजे. पहिल्या लसीने आपले काम चोख केले. इंग्लंडमध्ये ज्या मुलींना बाराव्या-तेराव्या वर्षी ती देऊ केली गेली, त्यांच्यात हा कॅन्सर शेकडा ८७ ने घटला, असे २०२१ साली "लॅन्सेट"मध्ये प्रसिद्ध झाले. सोळा ते अठराव्या वर्षी मिळालेल्यांत तो केवळ शेकडा ३४ ने घटला, यावरून वेळेचे महत्त्व कळावे. स्कॉटलंडमध्ये १९८८ ते १९९६ ह्या काळात जन्मलेल्या स्त्रियांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा बाराव्या-तेराव्या वर्षी लस घेतलेल्यांपैकी एकीलाही हा कॅन्सर झालेला आढळला नाही. हे २०२४ साली जाहीर झाले. मोजका पैसा आधी जीव वाचविण्यावर घालावा, हे म्हणणे गैर नव्हे. मी त्या जागी असते तर मलाही विचार पडला असता. मात्र चामखिळींचे दुःख हिशेबात इतके हलके का ठरले, हे विचारावयास हवे. त्या दुखण्याने कोणी मरत नाही हे एक कारण. पण दुसरेही आहे. ज्याचे नाव घ्यावयाची लाज वाटते, त्या रोगाचे रोगी तक्रार घेऊन पुढे येत नाहीत. मोर्चा निघत नाही, निधी जमत नाही. तोंड दाबून बुक्क्यांचा मार सोसणाऱ्याची नोंद कोणत्या वहीत होणार?

अर्ध्या सत्याची किंमत मुलांनाही द्यावी लागली. लस "बायकांच्या कॅन्सरची" म्हटली गेल्यामुळे मुलग्यांचा विचार मागे पडला. वास्तविक १६ क्रमांकाची जात पुरुषांना घशाचा आणि गुदद्वाराचा कॅन्सर देते आणि चामखिळी स्त्रीपुरुष दोघांनाही येतात. २०१७ साली तज्ज्ञ समितीने मुलग्यांना देणे परवडणार नाही असा कौल दिला, २०१८ साली तो फिरवला, आणि २०१९ च्या सप्टेंबरपासून मुलग्यांनाही लस मिळू लागली. मधली अकरा वर्षे मुलींच्या आडोशाने मुले वाचत राहिली. पण पुरुषांशीच संबंध ठेवणाऱ्या पुरुषांना तो आडोसा नव्हता. त्यांच्यासाठी इंग्लंडमध्ये २०१८ साली निराळी सोय करावी लागली. असे पुरुष आपल्या समाजात नाहीत असे समजणारे कोणी असतील, तर त्यांनी एवढेच लक्षात ठेवावे की ज्याच्यापुढे घरात बोलायची सोय नसते, तो घरात दिसत नाही.

आता आपल्या एका आवडत्या समजुतीकडे वळते. "आपल्याकडे सुंता होते, आपल्या बायकांना हा रोग होत नाही," असे मी पुष्कळ वडीलधाऱ्यांकडून ऐकले आहे. ही समजूत हवेतून आलेली नाही. गेल्या शतकाच्या पूर्वार्धात यहुदी स्त्रियांत हा कॅन्सर कमी असल्याचे डॉक्टरांच्या नजरेस आले आणि त्याचे श्रेय सुंतेला दिले गेले. सुंतेने पुरुषाच्या अंगी हा विषाणू राहण्याचे प्रमाण काहीसे उतरते, हे पुढे प्रयोगांत दिसलेही. परंतु मुंबईत पारशी भगिनींमध्येही हा कॅन्सर कमीच आढळत आला, आणि पारशी काही सुंता करीत नाहीत. तेव्हा कारणे अनेक असणार. शिवाय कमी म्हणजे शून्य नव्हे. इस्राएलमध्ये तर सुंता घरोघर होते, तरी तिथल्या शाळांतून २०१३ पासून मुलींना आणि २०१५ पासून मुलांनाही ही लस देण्यात येते. आपण देवाशी केलेला करार पाळतो तो करार म्हणून. त्याला लसीचे काम सांगू नये.

आता विरुद्ध बाजू. एक समंजस आई मला म्हणाली, "सिस्टर, कॅन्सर म्हटले की आजी-आजोबा गप्प बसतात. चामखिळीचे म्हटले, तर पोरीला कशाला असली लस म्हणून घरात वाद होईल आणि सही राहून जाईल. त्यापेक्षा अर्धे सांगून पूर्ण सुई मिळालेली काय वाईट?" ह्या बोलण्यात तथ्य आहे. सही राहून जाणे ही साधी गोष्ट नाही. कोविडपूर्वी इंग्लंडमध्ये इयर एटच्या दहांपैकी जवळजवळ नऊ मुली लस घेत. २०२३-२४ मध्ये ते प्रमाण तीन चतुर्थांशाच्याही खाली आले, आणि मुलग्यांचे त्याहून कमी. सही आणि सत्य यांत एकच निवडायचे झाले तर मी सही निवडीन.

पण निवड खरोखर एवढीच आहे काय? न सांगणे आणि खोटे सांगणे यांत फरक आहे. बारा वर्षांच्या मुलीला सगळेच सांगितले पाहिजे असे माझे म्हणणे नाही. "हा एक विषाणू आहे. मोठेपणी जोडीदाराकडून तो अंगात येतो, बहुतेक माणसांना येतो. त्यातून कॅन्सर होऊ शकतो, चामखिळीही येतात. ही सुई दोन्ही टाळते." एवढ्या चार वाक्यांत कोणाची मर्यादा ओलांडली जात नाही. उलट "ही फक्त कॅन्सरची लस" असे सांगितले, की त्याखाली एक न बोललेला धडा दिला जातो: असल्या दुखण्याविषयी आपल्या घरात बोलायचे नसते. तो धडा मूल बरोबर शिकते. कोणतीही लस शंभर टक्के नसते. उद्या विसाव्या वर्षी त्याच मुलीला किंवा मुलाला काही दिसले, तर ते घरात तोंड उघडणार नाहीत. दुकानातले भलते औषध लावतील, महिनोन् महिने कुढतील आणि स्वतःला घाणेरडे समजतील. सुईने कातडीचे रक्षण केले. मनाला मात्र आपणच इजा केली.

"लस दिली म्हणजे मोकळीक दिली" अशीही भीती काहींना वाटते. आपल्यातल्या वडीलधाऱ्यांच्या दंडावर देवीच्या लसीचे व्रण आहेत. ती टोचून घेतली म्हणून कोणी देवीच्या रोग्याला मिठी मारायला गेले नाही. मुलाचे वागणे घरच्या वळणावर ठरते, सुईवर नव्हे. आणि आपले मूल कितीही सुशील निघाले, तरी ते ज्याच्याशी लग्न करील त्याचा भूतकाळ आपल्या हाती नसतो. ज्यांना केवळ निष्पापांचीच कीव येते त्यांनी हेही ऐकावे: क्वचित का होईना, हेच ६ आणि ११ क्रमांकाचे विषाणू बाळंतपणात आईकडून बाळाच्या घशात जातात आणि त्याच्या स्वरयंत्रावर चामखिळी येऊन त्याला वारंवार शस्त्रक्रिया सोसाव्या लागतात. पण निष्पाप कोण हे पाहून औषध देण्याची पद्धत नर्सला शिकवलेली नसते. पलंगावर आहे तो रोगी, एवढेच आम्हाला ठाऊक.

ह्या लसीत आपल्या जन्मभूमीचाही वाटा आहे, हे वाचून आनंद वाटेल. भारतात साडेसतरा हजारांहून अधिक मुलींवर ह्या लसीच्या डोसांचा अभ्यास चालू होता. पुणे आणि बार्शी ही त्यातली दोन केंद्रे. २०१० साली इतरत्र उठलेल्या वादामुळे सरकारने लस टोचणे थांबविले, आणि सुमारे पाच हजार मुलींना एकच डोस मिळून राहिला. संशोधकांनी त्यांच्याकडे पाठ फिरवली नाही. वर्षानुवर्षे तपासण्या केल्या, तेव्हा एक डोसही १६ आणि १८ ह्या जातींविरुद्ध जवळजवळ तेवढेच संरक्षण देतो असे दिसले. ब्रिटनने २००८ साली तीन डोसांनी सुरुवात केली, २०१४ साली दोन केले आणि २०२३ च्या सप्टेंबरपासून एकच. ज्या पुराव्यावर हे ठरले त्यात बार्शीच्या मुलींचा पुरावा महत्त्वाचा होता. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने २०२२ साली सर्व्हाव्हॅक ही भारतीय लस जाहीर केली, तिच्यातही ६ आणि ११ ह्या जाती आहेत. इंग्लंडमधल्या आपल्या नातवंडांचा एक सुईचा त्रास सोलापूर जिल्ह्यातल्या मुलींनी वाचविला आहे.

तेव्हा कर्तव्य काय? पहिले, सही करावी, मुलीच्या तसेच मुलाच्याही पत्रकावर. ज्यांची शाळेत चुकली त्यांना पंचविसावा वाढदिवस होईपर्यंत ती मोफत मिळू शकते. मात्र मुलग्यांत १ सप्टेंबर २००६ नंतर जन्मलेल्यांनाच. आपल्या डॉक्टरांकडे विचारावे. लस घेतली तरी मुलींनी पुढे स्मिअरची तपासणी चुकवू नये. दुसरे, मुलाला विश्वासात घ्यावे. इंग्लंडमध्ये १९८५ सालच्या गिलिक निकालापासून सोळा वर्षांखालचे मूलही, त्याला पुरती समज असल्यास, उपचाराला स्वतः संमती देऊ शकते. आपल्याकडे मुलगी बाराव्या आणि मुलगा तेराव्या वर्षी स्वतःच्या कर्मांना जबाबदार मानतात. नेमक्या त्याच वयात ही लस येते. ज्याला आपण जबाबदार म्हणतो, त्याला अर्धे सांगणे शोभत नाही. तिसरे, कोणाच्या घरी हे दुखणे असल्याचे कानावर आले तर ते आपल्यापाशीच ठेवावे, आणि त्या माणसाला दवाखान्याचा रस्ता दाखवावा.

आपले वडीलधारे म्हणत, झाकली मूठ सव्वा लाखाची. इभ्रतीच्या बाबतीत ते खरे असेल. दुखणे मात्र मुठीत झाकून बरे झाल्याचे मी एवढ्या वर्षांच्या नोकरीत पाहिले नाही.